शार्लटला मोठं घर घ्यायचंय: बॅलन्टाइन, मार्विन-वेडिंग्टन की फोर्ट मिल?

मागच्या महिन्यात नवऱ्याच्या मावसभावाचा न्यू जर्सीहून फोन आला, वहिनी, शार्लटची नोकरी पक्की झाली, दोघंही नोकरी करणार, बजेट साधारण 12 लाख डॉलर, मुलगी सातवीत, आई-बाबा दरवर्षी पाच-सहा महिने येऊन राहणार, कुठे बघू ते सांग. तासभर बोललो तरी अर्धं राहिलंच. आणि हाच प्रश्न दर दोन महिन्यांनी कोणी ना कोणी विचारतंच, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते. आम्ही इथे अकरा वर्षं आहोत, दोन घरं घेतली, एक घेता घेता सोडलं आणि त्यात पैसे गेले, तेही सांगते.

नॉर्थ कॅरोलायनातलं हे शहर वाढतंय हे खरंच आहे, 2010 च्या जनगणनेत शार्लटची लोकसंख्या 7 लाख 31 हजार होती, 2020 ला 8 लाख 74 हजार. बँक ऑफ अमेरिका आणि ट्रुइस्ट या बँकांची हेड ऑफिसं इथे, ड्यूक एनर्जी ही वीज कंपनी इथे, त्यामुळे बँकिंग-आयटीवाले आपले लोक येतच राहतात आणि आले की बहुतेक सगळे दक्षिणेकडेच बघतात. या दक्षिणेकडच्या पट्ट्यात मेक्लेनबर्ग (बॅलन्टाइन), युनियन (मार्विन, वेडिंग्टन, वॅक्सहॉ) आणि पलीकडे साउथ कॅरोलायनातली यॉर्क (फोर्ट मिल) अशा तीन काउंट्या, म्हणजे जिल्हे, अगदी वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरात येतात. घरं बाहेरून सारखीच दिसतात, तेच किचन आयलंड, तीच उंच छताची फॅमिली रूम. फरक पडतो तो घर रेषेच्या कुठल्या बाजूला आहे त्याचा. टॅक्स बदलतो, शाळा बदलते, सांडपाणी कुठे जातं तेही बदलतं.

आधी बॅलन्टाइन. हे शार्लट शहराच्या हद्दीत, 485 या शहराभोवतीच्या रिंग रोडच्या अगदी लगत, 90 च्या दशकात वसवलेलं. नव्या बांधकामाला जागा फारशी उरलेली नाही, त्यामुळे या बजेटमध्ये तुम्हाला बहुतेक वीस-पंचवीस वर्षं जुनं घर मिळेल, विटांचं, समोर मोठी झाडं. लोकांना जुनं नको असतं, पण मला विचाराल तर हीच जागा रोजच्या जगण्याला सगळ्यात सोपी. दूध संपलं तर पाच मिनिटांत दुकान, मुलीचा भरतनाट्यमचा क्लास जवळ, ऑफिसही जवळ. काउंटी आणि शहर असा दोन्ही प्रॉपर्टी टॅक्स लागतो, मिळून किमतीच्या पाऊण टक्क्याच्या आसपास, म्हणजे 12 लाखांच्या घराला वर्षाचे 9 हजारांच्या आगेमागे धरा. शिवाय काउंटी चार वर्षांनी घराची किंमत नव्याने लावते, मागची फेरी 2023 ला झाली आणि बिल बघून बरेच जण दचकले होते.

शाळेबद्दल मात्र सावध राहा. वर्षानुवर्षं लोक आर्ड्रे केल हायस्कूलसाठी इथे घर घ्यायचे. 2024 ला बॅलन्टाइन रिज हे नवं हायस्कूल सुरू झालं आणि कुठल्या पत्त्याला कुठली शाळा त्या हद्दी बदलल्या, आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी आर्ड्रे केलसाठी जास्त पैसे मोजले होते आणि ती रेषेच्या पलीकडे गेली. नवी शाळा वाईट आहे असं अजिबात नाही, पण शाळेचं नाव बघून किंमत मोजू नका एवढंच. युनियन काउंटीतही 2014 ला असंच झालं होतं आणि बराच गदारोळ झाला होता, म्हणजे तिथे गेलात म्हणून सुटलात असं नाही.

आता मार्विन, वेडिंग्टन, वॅक्सहॉ. लक्झरी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेच येतं, एकरभराचा प्लॉट, तीन गाड्यांचं गॅरेज, मागे रान. मार्विन रिज हायस्कूलचं नाव आहे. शार्लट शहराचा टॅक्स लागत नाही, मार्विन-वेडिंग्टनला गावाचा टॅक्स अगदी थोडा, त्यामुळे तिथलं एकूण बिल सहसा हलकं. पण इथे मी जरा जास्त थांबणार आहे कारण नवीन माणूस नेमका इथे फसतो.

पहिली गोष्ट सेप्टिक. मोठ्या प्लॉटच्या बऱ्याच घरांना सरकारी ड्रेनेज नाही, स्वतःचा सेप्टिक टँक असतो आणि त्याचं परमिट बेडरूमच्या संख्येवर मिळतं. घरात पाच खोल्या दिसतायत पण परमिट चार बेडरूमचं असेल तर नॉर्थ कॅरोलायनात ते घर चार बेडरूमचं म्हणूनच विकायला लागतं, उद्या तुम्ही विकाल तेव्हाही. शिवाय सांडपाणी जिरवायला जमिनीत जे पाइप टाकलेले असतात त्यांच्यावर स्विमिंग पूल खोदता येत नाही. आमच्या मैत्रिणीने पूलसाठीच एकर घेतला, नंतर नकाशा काढून बघितला तर मागच्या अंगणाचा मधलाच भाग सेप्टिकचा, आता तिथे नुसतं गवत आहे. परमिट काउंटीच्या हेल्थ डिपार्टमेंटकडून मिळतं, ऑफर देण्याआधीच मागवा.

दुसरी गोष्ट रस्ता. प्रॉव्हिडन्स रोड वॅक्सहॉकडे जाताना अरुंद होतो आणि घरं झाली तेवढा रस्ता झाला नाही. शनिवारी दुपारी एजंटबरोबर गेलात तर सगळं छान शांत वाटतं. मंगळवारी सकाळी साडेसातला तिथून 485 पर्यंत गाडी चालवून बघा, शाळेच्या बसच्या मागे. आणि आई-बाबांना देवळात जायचं असेल तर हिंदू सेंटर शार्लटच्या पूर्वेला आहे, वॅक्सहॉहून ते लांब पडतं. आई-बाबांना गाडी चालवता येत नाही आणि आजूबाजूला फूटपाथही नाही, मग एकरभर रान बघत ते दिवसभर घरात बसतात. माझ्या सासूबाई तिसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, अगं इथे दिवसभरात माणूस दिसत नाही, आणि ते मला फार लागलं. तिकडचं आमचं ते घर भाड्याचं होतं म्हणून सुटलो.

फोर्ट मिल म्हणजे साउथ कॅरोलायना. 2010 ला जेमतेम 10,800 वस्ती, 2020 ला 24,500. शाळा चांगल्या, बॅक्स्टरसारख्या वस्तीत पायी फिरता येतं, नवी घरं भरपूर. प्रॉपर्टी टॅक्स कमी म्हणून सगळे तिकडे धावतात, आणि तो कमी आहेच, कारण स्वतः राहत असलेल्या घराला 4 टक्के असेसमेंट रेशो लागतो, म्हणजे किमतीच्या 4 टक्क्यांवरच टॅक्स काढतात, आणि टॅक्समधला शाळेच्या चालू खर्चाचा भाग माफ होतो. पण हे आपोआप होत नाही, काउंटीकडे अर्ज करायला लागतो. नाही केला तर 6 टक्के धरतात, माफीही जाते आणि बिल दुपटीच्या वर जाऊ शकतं. क्लोजिंग, म्हणजे घराचा व्यवहार, झालं, लायसन्स आणि गाड्या साउथ कॅरोलायनाच्या झाल्या की त्याच आठवड्यात अर्ज करा.

आता इन्कम टॅक्स बघा. नॉर्थ कॅरोलायनाचा दर सपाट आहे, 2025 ला 4.25 टक्के, 2026 ला 3.99. साउथ कॅरोलायनाचा वरचा दर 2025 ला 6 टक्के होता. ऑफिस शार्लटला आणि घर फोर्ट मिलला असेल तर आधी नॉर्थ कॅरोलायनाला भरायचं, त्याचं क्रेडिट, म्हणजे तेवढी वजावट, साउथ कॅरोलायना देते, पण वरचा फरक तुमच्या खिशातून जातो. दोघांचे चांगले पगार असतील तर हा फरक वर्षाला काही हजार डॉलर होतो आणि प्रॉपर्टी टॅक्समध्ये वाचवलेलं बरंचसं तिथेच जातं. कागदावर दोन्ही आकडे शेजारी मांडून बघा.

आणखी एक, पत्त्यावर फोर्ट मिल लिहिलंय म्हणजे फोर्ट मिलच्या शाळा मिळतील असं नाही. 521 या हायवेवरचं इंडियन लँड, पिन 29707, त्याचा टपालाचा पत्ता फोर्ट मिल पण काउंटी लँकेस्टर आणि शाळाही लँकेस्टरच्या. जाहिरातीतला पत्ता बघून लोक खूश होतात. काउंटीच्या साइटवर पार्सल नंबर, म्हणजे प्लॉटचा नंबर, टाकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता आमचे पैसे कसे गेले ते. नॉर्थ कॅरोलायनात ड्यू डिलिजन्स फी असते, म्हणजे घर तपासायला मुदत मिळावी म्हणून द्यायचे पैसे, ती थेट घरमालकाला द्यायची आणि तुम्ही मागे हटलात तर ती परत मिळत नाही. 2021 ला एकेका घरावर वीस-वीस ऑफर यायच्या, घाईत आम्ही 15 हजार डॉलर दिले. मग इन्स्पेक्टर आला. क्रॉल स्पेस, म्हणजे जमिनीखाली वाकून जायची पोकळी, तिथून तो अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा त्याचे गुडघे तांबड्या मातीने चिकचिकीत ओले होते आणि मोबाइलवर फोटो होते, मास्टर बाथरूमच्या खाली पाणी साचलेलं, लाकडी तुळयांवर पांढरी बुरशी, इन्सुलेशन लोंबकळत जमिनीला टेकलेलं. वर किचनमध्ये सहा बर्नरची शेगडी चमकत होती. मालक एक पैसा कमी करायला तयार नव्हता. आम्ही सोडलं, 15 हजार गेले. साउथ कॅरोलायनात अशी फी सहसा नसते, इन्स्पेक्शनच्या मुदतीत बाहेर पडलात तर डिपॉझिट सहसा परत मिळतं, हा फोर्ट मिलचा खरा फायदा आहे आणि याबद्दल कोणी बोलत नाही.

मग भावोजींना काय सांगितलं? बॅलन्टाइनमधलं जुनं घर, खाली एक पूर्ण बेडरूम आणि लागूनच शॉवर असलेलं बाथरूम, हे दोन मिळालं तर जुन्या किचनकडे बघू नका, किचन नंतर करता येतं. खालची बेडरूम नंतर होत नाही, आणि बाबांचे गुडघे बघता जिना त्यांना नको. दोघंही घरून काम करत असते आणि आई-बाबा येणार नसते तर मी मार्विन म्हटलं असतं. एकच पगार असेल किंवा रिटायर होऊन येणारे असतील तर फोर्ट मिल आधी बघावं.

त्यांची वहिनी म्हणून एवढंच हट्टाने सांगितलंय की पहिल्या फेरीत घर बघायचंच नाही, मंगळवारी सकाळी सातला मुलीला गाडीत बसवून तिन्हीकडून शाळेपर्यंत आणि तिथून ऑफिसपर्यंत जायचं. ते पुढच्या आठवड्यात येतायत, गेस्ट रूम मी काढून ठेवलीय.