स्मिथ समजून घ्यायचा तर आधी फ्रीडमन वाचावा की सेन?

अर्थशास्त्राचा जनक मानल्या जाणाऱ्या ॲडम स्मिथचं 'वेल्थ ऑफ नेशन्स' थेट हातात घेणारे बरेच जण पहिल्याच भागात, चांदीच्या भावावरच्या लांबलचक विवेचनात अडकतात आणि पुस्तक कपाटात जातं. १७७६ सालचं इंग्रजी, पाच भाग, हजारेक पानं. त्यामुळे आधी एखादा वाटाड्या धरलेला बरा. दोन नावं हमखास पुढे येतात: मिल्टन फ्रीडमन आणि अमर्त्य सेन. दोघांनाही अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं आणि दोघंही स्मिथला आपला पूर्वज मानतात. तरीही त्यांच्या पुस्तकांतून भेटणारा स्मिथ एकच माणूस आहे, असं पटकन वाटत नाही.

मिल्टन आणि रोझ या फ्रीडमन दांपत्याचं 'फ्री टू चूज' (१९८०) वाचायला फार सोपं आहे. त्याच नावाच्या दूरचित्रवाणी मालिकेशी ते जोडलेलं असल्यामुळे भाषा बोलकी आहे. पहिल्या प्रकरणात साध्या पेन्सिलीची गोष्ट येते. लाकूड, शिसं (म्हणजे खरं तर ग्रॅफाइट), रबर जगाच्या वेगवेगळ्या टोकांहून येतं. एकमेकांचं तोंडही न पाहिलेली हजारो माणसं त्यासाठी राबतात आणि वरून हुकूम सोडणारा कुणी नसतो. हे सगळं जुळवून आणतात ते भाव. कशाची टंचाई आहे ते भाव सांगतात, ती भरून काढायला माणसाला कामाला लावतात आणि कुणाच्या पदरात किती पडणार तेही ठरवतात. स्मिथच्या टाचण्यांच्या कारखान्यात दहा माणसं कामं वाटून घेऊन दिवसाला ४८,००० टाचण्या काढतात. फ्रीडमन तोच धागा जगभर नेतात. भाव म्हणजे काय चीज आहे, हे इतक्या थोड्या पानांत इतकं स्वच्छ सांगणारं दुसरं पुस्तक माझ्या पाहण्यात नाही. मेजी काळातला (१८६८ नंतरचा) जपान आणि १९४७ नंतरचा भारत यांची तुलना करून ते भारतातल्या परवान्यांवर आणि नियंत्रणांवर तुटून पडतात, तेही जरूर वाचा.

'सरकार नकोच' असं मात्र फ्रीडमन म्हणत नाहीत. संरक्षण, न्याय आणि सार्वजनिक कामं ही स्मिथने सांगितलेली तीन कर्तव्यं ते मान्य करतात आणि स्वतःची जबाबदारी पेलू न शकणाऱ्यांचं रक्षण हे चौथं त्यात घालतात. त्यांच्या नावाने भांडणारे हे सहसा सांगत नाहीत.

सेन यांचं 'ऑन एथिक्स अँड इकॉनॉमिक्स' (१९८७) बर्कलीतल्या व्याख्यानांवर आधारलेलं आहे. पुस्तक लहान, पण तळटिपांनी गच्च. खाटीक, दारू गाळणारा आणि पाववाला आपल्याला जेवण देतात ते दयेपोटी नव्हे, स्वतःच्या फायद्यासाठी, हे स्मिथचं वाक्य सगळ्यांना पाठ असतं. सेन विचारतात, हे वाक्य नेमकं कशाबद्दल आहे? माणसं देवघेव का करतात, एवढ्यापुरतंच. समाज निव्वळ स्वार्थावर चालतो, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. स्मिथ ग्लासगोला नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. 'थिअरी ऑफ मॉरल सेंटिमेंट्स' त्याने १७५९ मध्ये काढलं आणि १७९० मध्ये मरण्याआधी त्याची नवी, वाढवलेली आवृत्ती आणली. श्रीमंतांना आणि बलवानांना डोक्यावर घेण्याची वृत्ती आपल्या नीतिभावना नासवते, हा इशारा त्या शेवटच्या आवृत्तीतला. ज्या 'अदृश्य हाता'वर, म्हणजे स्वतःचा फायदा पाहणाऱ्याकडून नकळत समाजाचंही भलं होतं या कल्पनेवर, एवढा डोलारा उभा राहिला, तो तर 'वेल्थ ऑफ नेशन्स'मध्ये एकदाच येतो.

या दोन वाचनांतलं कुठलं खरं, हे पाहायला माझ्या मते धान्याचा प्रश्न घ्यावा. चौथ्या भागात स्मिथ धान्याच्या व्यापाऱ्याची बाजू घेतो. टंचाईत त्याने भाव चढवला की लोक हात राखून खातात आणि साठा हंगामभर पुरतो. सरकारने जबरदस्तीने भाव पाडला तर टंचाईचा दुष्काळ होतो. उदाहरण बंगालचं: ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरांनी तांदळाच्या व्यापारावर घातलेल्या अविचारी निर्बंधांनी बहुधा हेच केलं, असं तो लिहितो. इथे फ्रीडमनचा स्मिथ शंभर टक्के खरा आहे.

पण पुढे याच विचाराचा आधार घेऊन इंग्रज अधिकारी हातावर हात ठेवून बसले. १८७६–७८ च्या दख्खनच्या दुष्काळात व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या सरकारने धान्याच्या भावांत लुडबूड करायची नाही, असं ठरवलं. त्या सरकारने दुष्काळाच्या पाहणीला पाठवलेल्या रिचर्ड टेंपलने दुष्काळी कामांवरची मजुरी दिवसाला पौंडभर धान्य आणि वर किरकोळ पैसे इथवर खाली आणली. एवढ्यावर माणूस जगत नाही, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारला लिहून कळवलं होतं.

स्मिथने मदत करू नका असं कुठे म्हटलं होतं? सेन नेमकं इथे बोट ठेवतात. पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात स्मिथ सांगतो की मजुरीचा पैसाच आटला तर उपाशीपोटीच्या मजुरीवरही काम मिळत नाही, आणि माणसं भुकेने मरतात. तिथेही उदाहरण बंगालचंच. व्यापारी धान्य आणतो ते जिथे विकत घेणारा आहे तिथे. गावात कुणाच्याच गाठीला पैसा नसेल, तर खुला बाजार तिथलं धान्य उलट बाहेर नेतो.

महाराष्ट्राने हे १९७२–७३ मध्ये पाहिलं. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यांच्या हातात मजुरी आली, म्हणून रेशनबरोबरच व्यापाऱ्यांचंही धान्य गावोगाव पोचलं. पुढे यातूनच रोजगार हमी योजनेचा कायदा झाला. या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास करणारे अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी हेही दाखवलं की राज्याराज्यांतल्या धान्यवाहतुकीवरचे निर्बंध तेव्हा आडवे आले. म्हणजे फ्रीडमन त्या बाबतीत बरोबरच होते. त्यांच्या स्मिथकडे मजुरी द्यायला कुणी नव्हतं, एवढंच.

तेव्हा माझा कौल सेन यांना. फ्रीडमनचा स्मिथ अग्रलेखांतून आणि टीव्हीवरच्या चर्चांतून आयता कानावर पडतो. सेन यांचा शोधून वाचावा लागतो. मात्र मागणी, पुरवठा, भाव यांची अजून पक्की ओळख नसेल तर आधी 'फ्री टू चूज'चं पहिलं प्रकरण वाचा, मग सेन घ्या, नाहीतर तळटिपांतच दम निघेल. त्यानंतर खुद्द स्मिथ उघडाल तेव्हा पहिल्या भागातलं आठवं प्रकरण आणि चौथ्या भागातलं धान्यव्यापाराचं विवेचन लागोपाठ वाचा. मग पाचव्या भागात शाळेबद्दल काय म्हटलंय ते पाहा: शिक्षकाच्या पगाराचा काही भाग सरकारने द्यावा, पण सगळा देऊ नये, फी मात्र साध्या मजुरालाही परवडेल एवढीच असावी.