८ बाय ४२ ची दुर्बीण: स्वालबार्ड ते नान्नज, काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

ध्रुवीय प्रदेशाच्या सफरीसाठी कॅमेरा कोणता घ्यावा, असे सोलापुरातील पक्षिमित्र मला अजूनही विचारतात. दुर्बिणीविषयी मात्र कोणीच विचारत नाही, आणि माझ्या मते आधी विचार करायला हवा तो तिचाच.

याचे कारण तेथील नियमांत आहे. स्वालबार्ड हा नॉर्वेचा द्वीपसमूह ७४ ते ८१ उत्तर अक्षांशांदरम्यान पसरलेला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तेथे ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर अंतर राखणे बंधनकारक झाले असून, १ मार्च ते ३० जून या काळात ही मर्यादा ५०० मीटर आहे. अस्वल शिकार करत असेल तर त्यात अडथळा येऊ नये, पिल्ले असलेली मादी बिथरू नये, यासाठी घातलेले हे बंधन मला मनापासून पटते. आम्ही जुलैत गेलो होतो. ३०० मीटरवरचे अस्वल नुसत्या डोळ्यांना पिवळसर ठिपक्याएवढे दिसते. आठ पटींच्या दुर्बिणीतून तेच सुमारे ३७ मीटरवर असल्यासारखे दिसते. किनाऱ्यावर पहुडलेल्या अस्वलाने मान उचलून वाऱ्याचा वास घेतला, तेव्हा त्याच्या नाकपुड्यांची हालचाल मला स्पष्ट दिसली.

आमच्या बोटीवर बाराच प्रवासी होते, याचाही दुर्बिणीच्या उपयोगाशी थेट संबंध आहे. इंजिन बंद करून सगळे एकाच डेकवर निवांत उभे राहू शकत होतो, कठड्यापाशी रेटारेटी नव्हती, आणि वाटाडे किनारा कसा पाहतात हे त्यांच्या शेजारी उभे राहून शिकता आले. ते दुर्बीण इकडेतिकडे फिरवत नाहीत. डोंगरउताराचा एकेक पट्टा डावीकडून उजवीकडे सावकाश पाहून संपवतात आणि मगच खालच्या पट्ट्याकडे वळतात. बर्फाचा पांढरा रंग निळसर असतो, अस्वलाचा पिवळट. हा फरक नजरेत बसला की शोधणे पुष्कळ सोपे जाते.

दहा पटींची दुर्बीण घेतली नाही याचे समाधान आहे. हलत्या बोटीवर सहप्रवाशांच्या दहा पटींच्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा चित्र सतत थरथरत होते. हिनलोपेन सामुद्रधुनीतील आल्केफ्येलेट या कड्याखालून रबरी होडीने जाताना तर कमी पटींमुळे मिळणारी दृश्याची रुंदीच कामी येते. तेथे ब्रूनिख गिलेमॉट पक्षी काळ्या खडकाच्या अरुंद कपारींवर हजारोंच्या संख्येने खांद्याला खांदा लावून बसलेले असतात. घरटे बांधण्याची रीत नाही, अंडे थेट उघड्या दगडावर. त्यांच्या चोचीच्या कडेने जाणारी बारीक पांढरी रेघ ही ओळखीची खूण मला होडी डुलत असतानाही पाहता आली.

आता ४२ मिलिमीटर व्यासाच्या पुढच्या भिंगाविषयी. उन्हाळ्यात तेथे सूर्य मावळतच नाही. लाँगयिअरब्येन या तेथील मुख्य वस्तीत तो साधारण २० एप्रिलपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत क्षितिजाच्या वरच असतो. त्यामुळे केवळ त्या सफरीपुरते बोलायचे तर ८ बाय ३२ ची हलकी दुर्बीणही पुरली असती. मोठ्या भिंगाचे खरे मोल मला परतल्यावर सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर कळले. तेथे माळढोकाचे दर्शन आता दुर्मीळ झाले आहे, पण पहाटेच्या अंधूक उजेडात गवतातून जाणारा लांडगा किंवा काळविटांचा कळप टिपायचा, तर भिंगात जास्तीत जास्त उजेड यावाच लागतो. उन्हे चढून जमिनीलगतची हवा लहरू लागली की मात्र कोणतीही दुर्बीण फारशी साथ देत नाही.

थंडीतील वागणूक समाधानकारक होती. जुलैतही पारा ५ अंशांच्या आसपास असे आणि वारा बोचरा असे. फोकसचे चाक किंचित जड झाले, तरी पातळ हातमोजे घालून ते फिरवता येत होते. आत नायट्रोजन भरलेला असल्याने भिंगे आतून कधीच धुरकटली नाहीत. डेकवरून उबदार केबिनमध्ये आल्यावर बाहेरून वाफ धरते, ती पुसत बसण्यापेक्षा दुर्बीण पिशवीतच बंद ठेवून हळूहळू उबेला येऊ द्यावी. खारे तुषार गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपावेत. आमच्याकडची माळावरची धूळ मात्र आधी मऊ ब्रशने झटकावी, कारण सदऱ्याच्या टोकाने पुसल्यास भिंगावर हमखास ओरखडे पडतात.

तक्रारी दोन आहेत. सोबत आलेला गळपट्टा मानेला काचतो, म्हणून खांद्यांवर भार घेणारा पट्टा वेगळा घ्यावा लागला. दुसरे म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात बिजागरीजवळचे रबरी आवरण सैल झाले आणि सेवा केंद्राने ते चिकटवून देण्यास फारच वेळ लावला.

हिवाळ्यात उजनी धरणाच्या काठावर छोटे टिलवे येतात. आर्क्टिक टुंड्रात वीण घालून इतक्या लांब येणारे हे पक्षी पाहताना आठ पटी अपुऱ्या पडतात, कारण ते दूरवरच्या चिखलात चरतात आणि आकाराने चिमणीएवढेच असतात. त्यांच्यासाठी तिवईवरचा स्पॉटिंग स्कोपच, म्हणजे जास्त पटींची एकनळी दुर्बीणच, हवा. ते काम या दुर्बिणीचे नव्हे.