हाय-कॅपा ५.१ आणि तिचं तेलपाणी : घेण्याआधी नाही, घेतल्यानंतर वाचायचा रिव्ह्यू

टोक्यो मारुई या जपानी कंपनीची हाय-कॅपा ५.१, म्हणजे गॅसवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडणारं खेळातलं पिस्तूल (एअरसॉफ्ट), कशी आहे हे सांगणारे रिव्ह्यू ढिगाने पडलेत, त्यामुळे तो भाग मी पटकन उरकतो. हातात छान बसते, मॅगझिनमध्ये ३१ गोळ्या मावतात, ब्लोबॅकचा (प्रत्येक गोळीला गॅसने स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे जाण्याचा) झटका मस्त, आणि डब्यातून काढल्या काढल्या नेम सरळ लागतो. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एवढ्यासाठी की हॉप-अपची (गोळीला उलटी फिरकी देणाऱ्या यंत्रणेची) चकती फिरवायला स्लाइड उतरवावी लागते, आणि मैदानात ग्लोव्ह्ज घालून हा उद्योग करणं म्हणजे नुसता वैताग.

खरा प्रश्न नंतरचा आहे. दुकानात भिंतभर स्प्रे, ग्रीस, रॉड, किट लटकलेलं असतं, त्यातलं लागतं काय आणि उगाच खिसा कापणारं काय? टोक्योतल्या निशी-कसाईत राहून विकेंडला शेजारच्या चिबाकडे सर्व्हायव्हल गेमला (अशा पिस्तुलांनी खेळायच्या लुटुपुटीच्या लढाईला) जाणारी आपली बरीच मंडळी आहेत आणि सोमवार उजाडला की कोणाचं तरी मॅगझिन गॅस गळून सुस्स करत असतंच, मग लगेच "पिस्तूलच फालतू निघालं यार". अरे बाबा, पिस्तुलाचा काय दोष! गॅसगनमध्ये इंजिन असतं ते मॅगझिन. टाकी त्यात, व्हॉल्व्ह त्यात, रबरं त्यात. वरचं पिस्तूल म्हणजे ट्रिगर, ठोका मारणारा हॅमर आणि मागेपुढे होणारी स्लाइड. त्यामुळे मेंटेनन्सचा वेळ आणि पैसा आधी मॅगझिनवर घालवा.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे सिलिकॉन स्प्रे. मारुईचा स्वतःचा आहे, तो मी वापरतो आणि आवडतो, पण एक तक्रार आहे: फवारा फार जोरात येतो. नळी लावून सरळ आत मारलं तर तेल नको तिथे पोचतं. म्हणून कानातल्या काडीच्या कापसावर थोडा मारायचा आणि त्या काडीने लावायचा. कुठे लावायचा? मॅगझिनच्या डोक्यावर जिथून गॅस वर जातो तिथलं रबर, गॅस भरायचा व्हॉल्व्ह, मागचा पितळी पिनसारखा दिसणारा व्हॉल्व्ह ज्यावर ठोका बसतो, आणि तळाच्या प्लेटखालची रिंग. बस. रबर सुकलं की आकसतं, आकसलं की गळतं, एवढी साधी गोष्ट आहे. काही गॅसच्या कॅनमध्ये सिलिकॉन तेल आधीच मिसळलेलं असतं, लेबल बघून घ्या, मग वरून तेल आणखी कमी लागतं.

आणि कुठे लावायचा नाही ते जास्त महत्त्वाचं! हॉप-अपच्या रबरावर तेल गेलं की ते गोळीला पकडतच नाही, उलटी फिरकी मिळत नाही, आणि गोळी कधी डावीकडे कधी खाली. लोक मग बॅरल बदलायला निघतात. आधी चकती शून्यावर आणा, रॉडला टिश्यू गुंडाळून बॅरल आतून पुसा, शेवटचा टिश्यू कोरडा घाला, एवढ्याने नेम परत येतो. शिलाई मशीनचं तेल, गाडीचं तेल, गंज सोडवायचा स्प्रे यातलं काहीही घरात पडलंय म्हणून मारू नका, तिथल्या रबराला आणि प्लॅस्टिकला ते मानवत नाही.

ग्रीस वेगळं. स्लाइड ज्या रुळांवर सरकते तिथे आणि हॅमरच्या घासणाऱ्या कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट नुसतं फिरवायचं, पुरणपोळीवर तूप सोडतात तसं नाही. जास्त झालं की धूळ चिकटते आणि चिबाच्या मैदानातली बारीक माती त्यात कालवून काळा लगदा होतो. एक छोटी ट्यूब बराच काळ पुरते, महागडी घेण्यात काही अर्थ नाही.

लीक कुठून आहे हे शोधायला कुठलंच यंत्र लागत नाही. गोळ्या काढा, थोडा गॅस भरा आणि मॅगझिन पाण्याच्या टबात बुडवा. बुडबुडे तळाच्या प्लेटपाशी आले तर खालची रिंग, मागच्या पिनपाशी आले तर ठोक्याचा व्हॉल्व्ह. मग गॅस पूर्ण सोडून द्यायचा आणि दोन दातांची व्हॉल्व्हची किल्ली मिळते तिने व्हॉल्व्ह उघडून रिंग बदलायची. ही किल्ली मात्र नक्की घ्या, पक्कड लावून पितळेचे दात मोडले की नवीन व्हॉल्व्हच आणावा लागतो. काम झाल्यावर नीट पुसून, वाळवून पुन्हा तेल.

आता गॅस. जपानातली गॅसगन १३४ए या गॅसच्या दाबाला धरून बनवलेली असते, आणि २००६ साली कायदा बदलल्यापासून ताकदीची मर्यादा साधारण ०.९८ जूल आहे. बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून इथे ग्रीन गॅस शोधणारे महाभाग भेटतात. ग्रीन गॅस म्हणजे मुळात प्रोपेन, २० अंशाला त्याचा दाब १३४ए च्या जवळजवळ दीडपट. हाय-कॅपाची स्लाइड आहे एबीएस प्लॅस्टिकची, ती आज नाही तर उद्या तडकणार, आणि मर्यादा ओलांडली तर कायद्याचं लफडं वेगळंच. नको त्या फंदात पडू.

नवा नॉन-फ्रॉन गॅस, म्हणजे १३४ए सारखा हवामानाला घातक नसलेला, पण आलाय. १३४ए हवामानाला कार्बन डायऑक्साइडच्या १४३० पट वाईट धरतात, त्यापुढे हा जवळजवळ निरुपद्रवी, म्हणून मनाला बरं वाटतं, खिशाला नाही. शिवाय तो उणे १९ अंशाला उकळतो आणि १३४ए उणे २६ ला, म्हणजे थंडीत हा आणखी लवकर मलूल पडणार. माझं मत: उन्हाळ्यात बिनधास्त वापरा, जानेवारीत त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

थंडीचं एकूणच असं की गॅस आत उकळताना मॅगझिनचीच उष्णता ओढून घेतो, भराभर गोळ्या झाडल्या की धातू हाताला गार लागतो, बाहेरून दव धरतं, स्लाइड पेंगल्यासारखी मागे जाते आणि शेवटच्या गोळीनंतर अडकून राहत नाही. यात बिघाड काही नाही. दोन मॅगझिन ठेवा, एक वापरात आणि एक जॅकेटच्या आतल्या खिशात. खिशात इथे मिळणारा कैरो, तो हात शेकायचा पॅक, ठेवला तरी चालतो. पण हीटरसमोर किंवा गरम पाण्यात मॅगझिन ठेवणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार. कॅनवर ४० अंशाची सूचना उगाच छापलेली नसते, ऑगस्टमध्ये बंद गाडीत कॅन विसरणं पण त्यातच आलं.

गॅस भरताना मॅगझिन उलटं, कॅन त्याच्यावर उलटा आणि सरळ दाबायचा, तिरका नाही. बाजूने फवारा यायला लागला की थांबा, ठासून भरलं तर आत वाफेला जागाच राहत नाही, मग द्रव गॅस बाहेर थुंकतो आणि वाया जातो.

न घेण्यासारखी वस्तू सांगतो: ऑनलाइन मिळालेलं एक 'सगळ्या गनसाठी' क्लिनिंग किट. नाव घेत नाही. त्यात पितळी ब्रश निघाला जो खऱ्या बंदुकीच्या नळीसाठी असतो, आपल्या मऊ बॅरलला ओरखडे पाडायला एकदम झकास, आणि सोबतच्या बाटलीतल्या द्रवाला थिनरचा वास. प्लॅस्टिकच्या एका टाकाऊ तुकड्यावर टाकून बघितलं तर पांढरा डाग पडला. पाचपैकी शून्य. रॉड डब्यातच मिळतो, तोच वापरा.

ठेवताना गोळ्या काढून ठेवायच्या म्हणजे स्प्रिंगला आराम, हॅमर खाली, आणि मॅगझिनमध्ये थोडासाच गॅस, म्हणजे रबरं आपल्या जागेवर दाबून राहतात. पूर्ण रिकामं ठेवलेलं मॅगझिन पुढच्या सीझनला हमखास गळतं. स्टेशनवरून नेताना बंद केसमध्ये, मॅगझिन वेगळं. आणि सुट्टीत पुण्याला भाच्याला दाखवायला न्यायचा विचार असेल तर तो इथेच सोडा, गॅसचा कॅन विमानात चालत नाही आणि पिस्तुलासारखी दिसणारी वस्तू बॅगेत घालून एअरपोर्टवर कोणाकोणाला समजावत बसणार?

तर खरेदीची यादी: सिलिकॉन स्प्रे, ग्रीसची छोटी ट्यूब, व्हॉल्व्हची किल्ली, रिंगांचं पाकीट आणि एक जास्तीचं मॅगझिन. जमलं तर मॅगझिनच्या तोंडाशी बसणारा प्लॅस्टिकचा फीड-लिप पण घेऊन ठेवा, मॅगझिन काँक्रीटवर आपटलं की आधी तोच तुटतो, आणि ते कधी ना कधी आपटतंच.