एका स्वल्पविरामापायी: रविवारच्या वचनपाठाचं ॲप आठ महिने वापरून

आधीच सांगतो, ॲपचं नाव घेणार नाही. एक तर त्यांच्याशी भांडण अजून मिटलेलं नाही, आणि यातली निम्मी तक्रार ॲपवर नाहीच हे मला फार उशिरा कळलं, ते पुढं येईलच. तुम्ही उपदेश करत असाल तर लेक्शनरी (कोणत्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं काय वाचायचं त्याचा तक्ता) काय असते ते माहीत असणारच, तीन वर्षांचं चक्र, पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक, योहान मधेमधे, बहुतेक रविवारी जुना करार, स्तोत्र, पत्र आणि शुभवर्तमान. ते परत सांगत बसत नाही.

मी पाळक (चर्चचा धर्मगुरू) नाही. विकास सोसायटीत सचिव होतो, आता रिटायर. राहुरी तालुक्यातली आमची मंडळी (म्हणजे चर्चची) छोटी, पाळकसाहेबांकडं चार गावं, त्यामुळं महिन्यातले दोन-तीन रविवार उपदेश माझ्या गळ्यात. आणि खरं सांगायचं तर बारा वर्षं मी पाचच उपदेश फिरवून फिरवून केले. उधळा पुत्र (बापाचा पैसा उडवून परत घरी येणारा), शोमरोनी, तेविसावं स्तोत्र, जक्कय, आणि पेरणाऱ्याचा दाखला. शेवटी आमच्या मंडळींनीच (म्हणजे घरच्या) एकदा जेवताना विचारलं, "तुमचा उधळा पुत्र अजून किती वेळा घरी येणार आहे?" ते लागलं. मार्चात भाच्यानं ॲप टाकून दिलं, वर्षाचे ८९९ रुपये, माझ्या खात्यातून.

पहिल्यांदा उघडलं तर ३० मार्च, लेंटचा (ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा) चौथा रविवार, शुभवर्तमान: लूक १५:१-३, ११ब-३२. उधळा पुत्र. ८९९ रुपये देऊन परत उधळा पुत्र! घरात जे हसणं झालं ते सोडा.

पण माझं लक्ष त्या 'ब' वर अडकलं. ११ब काय प्रकार आहे, मला वाटलं सोसायटीची ब विंग असते तसं काही तरी. मग बायबल उघडून बसलो तेव्हा कळलं की वचनाचे दोन तुकडे केलेत, 'येशू म्हणाला' एवढा पहिला तुकडा अ, तो सोडायचा आणि दाखल्यापासून सुरू करायचं. आणि चार ते दहा गायब, म्हणजे हरवलेलं मेंढरू आणि हरवलेलं नाणं दोन्ही गायब. ते १४ सप्टेंबरला येतात असं पुढं बघितल्यावर दिसलं, तोवर मेंढरू बिचारं साडेपाच महिने हरवलेलंच. तिथून मला हा नाद लागला, संदर्भ आला की आधी स्वल्पविराम कुठंय ते बघायचं. जिथं स्वल्पविराम तिथं काहीतरी कापलेलं.

ॲपचं बाकी काय सांगू, दिसायला चांगलं आहे, अक्षर मोठं करता येतं, टिपणं ठेवता येतात, मराठी वचन त्यात नाही त्यामुळं पवित्र शास्त्र शेजारी लागतंच. सोबत जे विवेचन येतं ते अमेरिकेतलं. उदाहरणं सगळी बेसबॉलची, बर्फात अडकलेल्या गाडीची, थँक्सगिव्हिंगच्या टर्कीची. आमच्या मंडळीत टर्की म्हटलं तर लोकांना देश वाटेल. १७ ऑगस्टला लूक १२ मधलं ते पश्चिमेकडून ढग चढताना दिसला की पाऊस येणार म्हणता, हे वचन होतं. विवेचनात भूमध्य समुद्र पॅलेस्टाईनच्या पश्चिमेला कसा आहे यावर अर्धं पान. मी एवढंच म्हटलं की आपल्याकडं पण ढग पश्चिमेचाच, फक्त घाटावरच रिकामा होऊन येतो, आणि सगळं चर्च हसलं. फुकटात.

तरी सवयीचा फायदा झाला हे कबूल करतो. सोमवारी सकाळी वचन एकदा मोठ्यानं वाचायचं, विवेचन उघडायचं नाही. मंगळवारी आधीचा आणि नंतरचा अध्याय. मग दोन दिवस डोक्यात घोळू द्यायचं, दूध आणायला जाताना, गिरणीवर, कुठंही. शुक्रवारी विवेचन, शनिवारी वहीत दोन पानं, जास्त नाही. पूर्वी मला काय बोलायचंय ते ठरायचं आणि मग त्याला वचन शोधायचो. आता वचन समोर येऊन बसतं आणि म्हणतं, बोल. २१ सप्टेंबरला अन्यायी कारभारी आला, लूक १६:१-१३, हा दाखला मी जन्मात घेतला नसता. मालकाच्या ऋणकऱ्यांना बोलावून तेलाच्या शंभराचे पन्नास लिही, गव्हाच्या शंभराचे ऐंशी लिही म्हणणारा माणूस आणि धनी त्याचीच वाहवा करतो. पण अहो, सोसायटीत आयुष्य गेलंय माझं, खतावणी बघितली की कळतं. काही अभ्यासक म्हणतात की त्यानं कमी केलं ते त्या कागदात मुद्दलात मिसळून लपवलेलं व्याज असावं, म्हणून तेलावर वेगळी सूट आणि गव्हावर वेगळी. हे वाचल्यावर मी उभाच राहिलो. त्या रविवारी मी वन टाइम सेटलमेंटपासून सुरुवात केली, मागच्या बाकावर जे चार जण डुलक्या घेतात ते पण जागे. ॲपच्या विवेचनात या दाखल्याला काय उदाहरण होतं? क्रेडिट कार्डाचे पॉइंट.

आता स्वल्पविराम. ६ जुलैला लूक १०:१-११, १६-२०. मधलं १२ ते १५ गेलं. त्यात खोराजिना, बेथसैदा आणि कफर्णहूम या गावांना येशूनं सुनावलेलं आहे. ७ सप्टेंबरला स्तोत्र १३९ चे १-६ आणि १३-१८, म्हणजे देवा तू मला ओळखतोस ते सगळं गोड गोड ठेवलं आणि शेवटचा वैऱ्यांचा द्वेष वगैरे बाहेर. मी वहीत मागच्या पानावर यादीच सुरू केली, कापलेली वचनं. घरचे म्हणाले उपदेशाची तयारी करताय का ऑडिट.

आणि मग ३१ ऑगस्ट. लूक १४:१, ७-१४. हा माझ्यासाठी या सगळ्या आठ महिन्यांचा गाभा आहे म्हणून जरा नीट सांगतो. येशू शब्बाथ दिवशी (यहुद्यांचा विश्रांतीचा वार, काम करायचं नाही) एका मोठ्या परूश्याच्या (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्याच्या) घरी जेवायला जातो, हे पहिलं वचन. मग उडी थेट सातव्यावर, पाहुणे मानाच्या जागा कशा धरतात ते बघून तो बोलतो, आणि शेवटी यजमानाला सांगतो की जेवण करशील तेव्हा मित्र, भाऊ, श्रीमंत शेजारी यांना बोलावू नको, गरीब, व्यंग, लंगडे, आंधळे यांना बोलाव. सुंदर. पण मधे दोन ते सहा काय आहे? तिथं त्याच घरात, येशूच्या अगदी समोर, जलोदर झालेला एक माणूस आहे. येशू त्याला बरं करतो आणि पाठवून देतो. म्हणजे आजाऱ्याला जेवायला बोलवा असं शिकवणारा पाठ, आणि त्या पाठातून पहिला कुणाला बाहेर काढलं तर त्याच घरात उभा असलेल्या आजाऱ्याला! मी सोमवारी गिरणीवर दळणाचा डबा घेऊन उभा होतो तेव्हा हे सुचलं आणि मोठ्यानं "अरे!" म्हणालो, गिरणीवाला घाबरला.

त्या रविवारी मी १ ते १४ पूर्ण वाचलं आणि उपदेश त्या कापलेल्या माणसावरच केला. उपासना झाल्यावर एक आजी थांबल्या, म्हणाल्या, आमच्या मालकांचं पोट असंच फुगलं होतं शेवटी, कुणी पंगतीला बोलवत नव्हतं, त्या माणसाचं बायबलमधी आहे हे मला ठाऊक नव्हतं. मग त्या गेल्या. मी बराच वेळ तिथं बाकावर बसलो.

तेव्हा मात्र ॲपवाल्यांवर भडकलो होतो. तणतणत ईमेल टाकला, तुम्ही आजारी माणसाला का कापलं. त्यांचं उत्तर आलं की आम्ही काही कापलेलं नाही, हा तक्ताच तसा आहे. आणि ते खरं निघालं. हा तक्ता १९९२ चा, उत्तर अमेरिकेतल्या बऱ्याच मंडळ्यांनी मिळून केलेला, आणि त्याचा पाया कॅथलिकांचा १९६९ चा, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरचा. आमच्या शेजारी कॅथलिक मित्र आहेत, दरवर्षी हरेगावला मतमाउलीच्या (मारिया मातेच्या) यात्रेला जाणारे, त्यांना विचारलं तर त्यांच्याकडं पण त्या रविवारी तेच, १, ७-१४. तोच स्वल्पविराम! फक्त ते म्हणाले, आमचा तो माणूस हरवत नाही, त्याला आम्ही तिसाव्या आठवड्याच्या शुक्रवारी वाचतो, रोजच्या मिस्साला (म्हणजे उपासनेला). यंदा ३१ ऑक्टोबरला आला. म्हणजे त्यांच्याकडं निदान शुक्रवारी तरी पंगत आहे, आमच्या तक्त्यात तेवढी पण नाही.

अजून एक गोष्ट, माझ्याविरुद्ध जाणारी, पण लिहिलीच पाहिजे. २४ ऑगस्टला म्हणजे आदल्याच रविवारी लूक १३:१०-१७ होतं, अठरा वर्षं वाकलेली बाई, तिला पण येशूनं शब्बाथ दिवशीच बरं केलं, तिथं पण बैल आणि गाढवाचा मुद्दा, की शब्बाथ दिवशी जनावराला मदत करता तर माणसाला का नाही. लागोपाठ दोन रविवार तोच वाद नको म्हणून पुढचा काढला असेल तर त्यात तर्क आहे. सोसायटीचं इतिवृत्त लिहिताना मी पण तेच करायचो, मागच्या सभेत झालेला विषय परत लिहायचा नाही. तरी पण. बैठकीचा विषय वेगळा आणि माणूस वेगळा.

मग हे ॲप घेतलं कशाला, तर याच तपासात दुसरा धक्का बसला. हा सगळा तक्ता अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या लायब्ररीच्या साइटवर फुकट आहे. संदर्भ, तारखा, सगळं. मी ८९९ दिले ते बेसबॉलच्या उदाहरणांसाठी. आठ महिन्यांत उपदेश केले एकोणीस, म्हणजे उपदेशामागं सत्तेचाळीस रुपये, हिशोब केल्यावर जरा शांत झालो, चर्चला जायला-यायला पेट्रोल त्याहून जास्त जातं.

इथपर्यंत मी तीन स्टार देणार होतो. मग ९ नोव्हेंबर उजाडला.

ॲपचं पहिलं पान रविवार लागला की बदलतं आणि आठवडाभर तेच राहतं, पुढचं बघायला बाण दाबायचा. उपासना आमची दहाची. मार्चपासून कधीच अडचण आली नाही. त्या दिवशी साडेदहाच्या थोडं आधी शुभवर्तमानासाठी उभा राहिलो, मोबाइल उघडला, पान समोर, वाचायला लागलो. येशू यरीहोतून जात होता, तिथं जक्कय नावाचा मनुष्य... पहिल्या बाकावरून एक पोरगं म्हणतं, "काका, हे मागच्या रविवारी झालं." खरंच की! त्या दिवशीचं लूक २०:२७-३८ होतं, सदूकी (मेलेले परत उठतात हे न मानणारे) आणि एकामागून एक सात भावांची झालेली बायको. बाण दाबतोय तर रेंज नाही, नुसतं गोल गोल फिरतंय, टिपणं पण त्याच पानाखाली अडकलेली. वहीत लिहिलेली दोन पानं घरी, कारण ॲप आहे ना! शेवटी स्टँडवरच्या मोठ्या बायबलमधून वाचलं आणि उपदेश आठवेल तसा केला, सात भावांतले दोन माझ्याकडून राहूनच गेले असतील.

पुन्हा ईमेल. उत्तर: मोबाइलची तारीख तपासा. तपासली, बरोबर. मग कॅशे साफ करा. केला, त्यात माझी सहा महिन्यांची टिपणं गेली, हे आधी सांगायला नको का? तिसऱ्या ईमेलला उत्तर काय तर पुढच्या वर्षी नूतनीकरणावर वीस टक्के सूट. म्हणजे गव्हाच्या शंभराचे ऐंशी! अन्यायी कारभारी तिथंच नोकरीला लागलेला दिसतोय.

कोडं सोडवलं भाच्यानं. तो पुण्यात अमेरिकेच्या वेळेवर काम करतो, म्हणाला, "मामा, तिकडं दोन तारखेला घड्याळं तासभर मागं गेली, आमची शिफ्ट पण सरकली. ॲपचा रविवार न्यूयॉर्कच्या मध्यरात्रीला लागत असणार, आधी आपल्याकडं साडेनऊला लागायचा, आता साडेदहाला." १६ तारखेला मी चर्चमध्ये घड्याळ लावून बघितलं, साडेदहाच्या ठोक्याला पान बदललं. आठ महिने माझा रविवार न्यूयॉर्कवरून येत होता आणि मला पत्ता नव्हता. हे पण ईमेल करून कळवलं. टीमकडे पाठवलंय म्हणे. आज डिसेंबर अर्धा होत आला, टीम बहुतेक खोराजिनात असावी.

तर आता दोन स्टार. पण हे दोन स्टार ॲपचे, तक्त्याचे नाहीत. तक्ता मी सोडणार नाही. ३० नोव्हेंबरपासून मत्तयाचं वर्ष सुरू झालं, आगमनाचा (नाताळआधीच्या काळाचा) पहिला रविवार, मत्तय २४:३६-४४, स्वल्पविराम नाही, बरं वाटलं. या वेळी मी फुकटच्या साइटवरून वर्षभराचे संदर्भ पोराकडून छापून आणले, झेरॉक्सवाल्यानं तीस रुपये घेतले, आणि एका रात्रीत सगळे स्वल्पविराम पेन्सिलीनं गोल केले. ५ जुलै २०२६, मत्तय ११:१६-१९, २५-३०. मधलं वीस ते चोवीस काय म्हणून बघितलं तर परत तेच, खोराजिना, बेथसैदा, कफर्णहूम! लूकमधून पण बाहेर आणि मत्तयातून पण. त्या गावांना रविवारी कुणी रागवायचंच नाही असं ठरलेलं दिसतंय.

त्या दिवशी उपदेश कुणाकडं आहे ते पाळकसाहेबांना आत्ताच विचारलं. ते म्हणाले अहो जुलैचं आत्ता कशाला. मी म्हटलं माझं नाव लिहून ठेवा. ॲपची मुदत मार्चातच संपते.