काचा धुण्यासाठी ४०४० मेम्ब्रेनचा आरओ: काही महिन्यांच्या वापरानंतर

संच साधाच आहे. गाळ अडवणारा ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर, क्लोरीन काढणारा कार्बन ब्लॉक, एक ४०४० मेम्ब्रेन (४ इंच व्यास, ४० इंच लांबी) आणि शेवटी उरलेसुरले क्षार धरणारं डीआय रेझिन. मेम्ब्रेनच्या कागदावर दिवसाला २,४०० गॅलन, म्हणजे मिनिटाला सहा लिटरांहून थोडं जास्त, असं लिहिलेलं असतं. नळाच्या ४०-४५ पीएसआय दाबावर प्रत्यक्षात दोनेक लिटर पडतात. यात संचाचा दोष नाही. तो आकडा बहुधा १५० पीएसआय आणि २५ अंश तापमानाच्या पाण्यासाठी दिलेला असतो (काही मेम्ब्रेनसाठी १०० किंवा २२५ पीएसआय धरतात, आपला कागद बघावा).

म्हणून पाणी वाढवायचं तर आधी मेम्ब्रेनच्या तोंडाशी प्रेशर गेज लावा आणि पाणी चालू असताना वाचा. नळ बंद असतानाचं प्रेशर फसवं असतं. फिल्टरच्या आधी दुसरं गेज असेल तर आणखी चांगलं: दोन्हींतला फरक १० पीएसआयच्या पुढे गेला की फिल्टर बदलायची वेळ झाली. बारीक आणि लांब पाइपही प्रेशर खातो. तेवढ्याच प्रवाहाला पाइपचा आतला व्यास निम्मा केला, तर घर्षणातलं नुकसान जवळजवळ तीसपट होतं. पंप घेण्याआधी पाइप बदलून पाहणं स्वस्त पडतं.

खरा फरक बूस्टर पंपाने पडतो. १०० पीएसआय मिळाले की पाणी दुपटीच्या वर जातं, आणि टीडीएसही (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) उतरतो. मेम्ब्रेनमधून जाणारं पाणी प्रेशरबरोबर वाढतं, क्षार मात्र फारसे वाढत नाहीत. तेवढेच क्षार जास्त पाण्यात विखुरतात. त्यामुळे रेझिन जास्त दिवस टिकतं, आणि पंपाचा मला सर्वांत मोठा वाटणारा फायदा हाच. पण पंप पाणी तयार करत नाही. मिनिटाला पाच लिटर शुद्ध आणि तेवढंच रिजेक्ट (क्षार घेऊन बाहेर जाणारं पाणी) हवं, तर नळाने दहा लिटर द्यायलाच हवेत. आधी बादली लावून मोजा. पंपाच्या आत येणाऱ्या बाजूला लो-प्रेशर स्विच हवाच, नाहीतर पंप कोरडा चालून जळतो.

रिजेक्टचा व्हॉल्व्ह आवळला की शुद्ध पाणी लगेच वाढलेलं दिसतं, आणि इथेच मेम्ब्रेन वाया जातात. निम्मं पाणी शुद्ध काढलं तर उरलेल्यातले क्षार दुप्पट होतात, तीन चतुर्थांश काढलं तर चौपट. कठीण पाण्यात मग कॅल्शियमचा थर बसतो आणि काही आठवड्यांत पाणी आधीपेक्षाही कमी होतं. निम्म्यापुढे जायचं असेल तर आधी पाण्याचा कठीणपणा काढणारा सॉफ्टनर बसवा. व्हॉल्व्ह पूर्ण बंद कधीच करू नये.

थंडीत पाणी घटलं म्हणून मेम्ब्रेन काढून टाकू नका. २५ अंशांखाली प्रत्येक अंशाला सुमारे ३ टक्के पाणी कमी होतं; १० अंशांवर ४० टक्क्यांच्या आसपास घट धरावी. यासाठीच वहीत लिटर, प्रेशर, टीडीएस यांच्याबरोबर तापमानही लिहावं. तापमान आणि प्रेशर तेच असून पाणी १० टक्क्यांनी उतरलं, तर मेम्ब्रेन धुवायला हवा. क्षाराचा थर असेल तर २० लिटर शुद्ध पाण्यात ४०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून कमी प्रेशरने पाऊण तास फिरवा, मग भरपूर पाण्याने फ्लश करा. त्या वेळी रेझिन जोडलेलं ठेवू नका. शेवाळी, बुळबुळीत घाण ॲसिडने निघत नाही. तिला मेम्ब्रेनसाठीचं अल्कली क्लीनर लागतं. क्लोरीन चुकूनही नको. म्हणूनच कार्बन ब्लॉक वेळेवर बदलायचा, कारण क्लोरीनने झालेलं नुकसान भरून येत नाही.

शुद्ध पाण्याची टाकी उंचावर असेल तर दर १० मीटरला १ बार (सुमारे १४.५ पीएसआय) प्रेशर उलटा बसतो. पंप नसलेल्या संचात ३ मीटरही जाणवतात. शुद्ध पाण्याच्या वाटेवर व्हॉल्व्ह बंद ठेवून संच थांबवला, तर उलट्या दाबाने मेम्ब्रेनचे थर सुटू शकतात, तेव्हा ती वाट मोकळीच राहू द्या.

रोज सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन मिनिटांचं पाणी रेझिनकडे न नेता बाहेर सोडावं. रात्रभर उभ्या पाण्यात क्षार झिरपून येतात आणि टीडीएस वर चढलेला असतो. काचेवर डाग नकोत तर शेवटच्या पाण्याचा टीडीएस १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भाग) आतच हवा. रेझिननंतर मीटर ० दाखवत असेल तर उत्तम, आणि तो ० वरून हलला की रेझिन बदलायची तयारी करावी.