केबल बदलली म्हणून आवाज आला असं मला वाटलं, खरं कारण वेगळंच होतं

गणपतीच्या आधी घरात चांगली म्युझिक सिस्टीम घ्यायची असं यंदा ठरवलंच होतं, कारण आमचे सासरे आयुष्यभर भजनात पखवाज वाजवत आले आणि आता हात चालत नाहीत, तर निदान टीव्हीवर लागलेली भजनं, नाट्यगीतं तरी त्यांना नीट ऐकू यावीत. आम्ही देवगडकडचे. तालुक्याच्या बाजारात एका दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण जे झालं ते सगळं लिहिते, कारण असंच आमच्या शेजारच्या वाडीतल्या अजून एका घरात झालंय.

त्याने दोन स्पीकर, एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर आणि टीव्हीचा डिजिटल आवाज घेणारा एक डबा, म्हणजे डॅक, असं सगळं 14,500 ला दिलं. अ‍ॅम्प्लिफायरवर मोठ्ठ्या अक्षरात 600 वॅट. घरी येऊन जोडून दिलं, यूट्यूबवर अभंग लावला, मस्त वाजलं, पैसे घेऊन गेला. संध्याकाळी सासऱ्यांनी सेट टॉप बॉक्सवर एचडी चॅनल लावला तर आवाजच बंद, दुसऱ्या एका चॅनलवर नुसती खर्रर्र खर्रर्र.

फोन केला तर म्हणाला, वहिनी, तुमची ऑप्टिकल केबल साधी आहे, एचडीचा सिग्नल वाटेतच गळतो, सोन्याच्या टोकाची टाकावी लागेल. दुसऱ्या दिवशी आला, 3,800 ची केबल घेऊन. मी चहा ठेवायला आत गेले आणि बाहेर आले तोवर टीव्ही तोच, चॅनल तोच आणि आवाज खणखणीत. मी लगेच गूगल पे केलं, कोण नाही करणार.

गणपतीत पुण्याहून भाचा आला. त्याने टीव्हीचं काहीतरी अडकत होतं म्हणून फॅक्टरी रीसेट मारला आणि परत तेच, एचडी चॅनलला आवाज गुल, ती 3,800 ची केबल जागेवर असताना! त्याने सेटिंगमधे जाऊन साउंड, मग डिजिटल ऑडिओ आउटपुट उघडलं, तिथे ऑटो होतं ते पीसीएम केलं, की आवाज चालू. मग सोन्याची केबल काढून सोबत आलेली जुनी केबल लावली. तरी चालू. मी सासऱ्यांना डोळे मिटून ऐकायला सांगितलं, तीनदा केबल बदलली, काही फरक नाही म्हणाले, आणि त्यांचा कान साधासुधा नाही.

झालं होतं ते असं. काही एचडी चॅनलचा आवाज डॉल्बी डिजिटलमधे येतो आणि टीव्ही ऑटोवर असला की तो तसाच बांधलेला पुढे जातो. हा स्वस्तातला डॅक फक्त पीसीएम, म्हणजे उलगडलेला साधा आवाज समजतो, डॉल्बी त्याला उलगडताच येत नाही. टीव्ही पीसीएमवर ठेवला की उलगडायचं काम टीव्हीच करतो. म्हणजे त्या माणसाला दोष माहीत होता, मी आत गेले त्या दोन मिनिटांत त्याने रिमोटने सेटिंग बदललं आणि पैसे केबलचे घेतले. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

आणि ऑप्टिकल केबलमधून वीज जातच नाही हो, लाल उजेड जातो, टीव्हीच्या बाजूचं टोक लावून दुसरं टोक बघा, लाल ठिपका दिसतो. उजेडाला सोन्याचं काय! तोशिबाने 1983 ला ही जोडणी काढली तेव्हापासून हेच तत्त्व. केबल खरंच खराब असली तर आवाज तुटतो, कटकट होते, पण चांगली केबल टाकून बास वाढला, गोडवा आला असं डिजिटलमधे होत नाही.

मग संशय आला म्हणून भाच्याने अ‍ॅम्प्लिफायरचा अ‍ॅडॅप्टर उलटा करून दाखवला. बारीक अक्षरात 24 व्होल्ट, 3 अँपिअर. गुणाकार केला तर 72 वॅट. जो अ‍ॅडॅप्टर सलग 72 वॅट देतो त्यावर 600 वॅटचा आवाज कुठून निघणार, डावा-उजवा दोन्ही स्पीकर मिळून सलग साठ-पासष्ट मिळाले तरी खूप. ते 600 म्हणजे पीएमपीओ की काय म्हणतात तसला फुगवलेला आकडा, विचारायचा तो आरएमएस, म्हणजे सलग टिकणारी खरी ताकद, आणि तोही किती ओहमच्या स्पीकरला ते (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या अडथळ्याचं माप). आरतीला आवाज मोठा केला तेव्हा सासरे म्हणाले होते, हो पखवाज नाय गो बाय, डबो वाजता. तेव्हा मी स्पीकरला दोष दिला. अ‍ॅम्प्लिफायरचा दम संपून आवाज फाटत होता, त्यातच एका स्पीकरचा ट्वीटर, म्हणजे वरच्या पट्टीचा बारीक आवाज काढणारा छोटा भाग, गेला.

स्पीकरची वायरसुद्धा तांब्याची म्हणून दिली होती, ब्लेडने खरवडली तर आत पांढरं अ‍ॅल्युमिनियम. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत असली टोकं किती टिकणार.

दुकानात गेले तर केबलचे पैसे परत दिले, बाकी हात वर. बिलावर फक्त "म्युझिक सिस्टीम 1 नग" लिहिलंय, वॅट नाहीत, मॉडेल नाही, आणि मी तेव्हा बघितलंही नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवलीय, 600 लिहिलेल्या पॅनलचा आणि अ‍ॅडॅप्टरचा फोटो एकत्र काढून ठेवलाय. तुमच्याकडे कोणी केबल बदलायला आला तर चहा नंतर ठेवा, आधी रिमोट आपल्या हातात घ्या आणि ते पीसीएमचं सेटिंग स्वतः करून बघा.