दहा बटणांचं केजन अकॉर्डियन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

केजन म्हणजे अमेरिकेतल्या लुईझियानाचे फ्रेंचभाषक लोक, आणि हे त्यांचं वाद्य. पांढरी एकचं, चार स्टॉपचं (सुरांच्या पट्ट्यांचे संच उघडणाऱ्या खुंट्या) हे अकॉर्डियन आठ महिने रोज तासभर वाजतंय. नमुना जुन्या जर्मन वाद्यांचाच. दुसऱ्या महायुद्धानंतर लेक चार्ल्स गावच्या सिडनी ब्राऊननी ती लुईझियानात बनवायला घेतली. चारही स्टॉप उघडले (एक खर्ज, दोन मध्य, एक तार) की माइक लागत नाही. बऱ्याच कारागिरांच्या रिवाजाप्रमाणे गंधार किंचित उतरवलेला आहे. तानपुऱ्यावर गोड लागतो, इलेक्ट्रॉनिक कीबोर्डसोबत मात्र खटकतो.

अडचण लयीची. पेटीत भाता फक्त हवा पुरवतो, इथे सूरही तोच ठरवतो. तिसऱ्या बटणावर भाता दाबून सा, ओढून रे. चौथ्यावर ग-म, पाचव्यावर प-ध. दाब-ओढ, दाब-ओढ असा झोका लागतो आणि सहाव्या बटणावर मोडतो, कारण तिथे नी ओढून येतो आणि वरचा सा दाबून. म्हणजे ध आणि नी लागोपाठ दोन ओढी. हात सवयीने दाबून जातो, नीच्या जागी सा वाजतो आणि सावरण्यात मात्रा जाते. मेट्रोनोम साठवर लावून फक्त प-ध-नी-सा घोटा. पूर्ण चाल नंतर.

दोन सप्तकांतले सूर एकत्र वाजवताना खरी गंमत. दाबताना सा तिसऱ्या आणि सहाव्या बटणावर, ओढताना रे तिसऱ्या आणि सातव्यावर. भाता उलटला की वरच्या बोटाला एक बटण पुढे जावं लागतं. ते भात्यानंतर पोचलं तर रे फाटका येतो. म्हणून वरचा सा थोडा आधी सोडायचा, खालचा धरून ठेवायचा, तेवढ्यात बोट पोचतं.

डाव्या हाताचा पट्टा तपासा. दोन बोटं आत जाण्याइतका सैल असेल तर हात आधी फिरतो, भाता मागून. प्रत्येक उलटीला सूर उशिरा येतो आणि दोष मात्र बोटांना दिला जातो. एक भोक आवळल्यावर अर्धी तक्रार मिटली.

बहुतेक चाली सावर टेकतात, म्हणून दाब जास्त पडतो आणि भाता लवकर मिटतो. हवेचं बटण डाव्या अंगठ्याने ओढीच्या सुरांतच अर्धवट दाबायचं. वेगळा श्वास घेतला की ठेका तुटतो. बास आणि कॉर्डच्या दोन चाव्या टोचल्यासारख्या वाजवा: टू-स्टेपला (दोन ठोक्यांचा नाच) एक बास एक कॉर्ड, वॉल्ट्झला (तीन ठोक्यांचा) एक बास दोन कॉर्ड. धरून ठेवल्या तर हवा खातात.

कानासाठी अकॉर्डियनवादक अमेदे आर्डोइनची 1929 पासूनची रेकॉर्डिंग ऐका. डेनिस मगीसोबतच्या ध्वनिमुद्रणांत साथीला फक्त त्याचं फिडल (व्हायोलिन), ढोल नाही, तरी ठेका हलत नाही.

आणि उन्हात बंद गाडीत ठेवू नका. सुरांच्या पट्ट्या मेणाने बसवलेल्या असतात. मेण मऊ झालं की हवा गळते.